सातव्या गाडीची बॅटरी

ते साल होतं एकोणीसशे शहाण्णव. त्या वर्षी थंडी लवकर आली आणि निघायचं नाव घेईना, हे त्या भागातलं कुणीही सांगेल. मला ते साल लक्षात आहे ते आमच्या शेडमधल्या सातव्या गाडीमुळे.

शेड म्हणजे हमरस्त्याला लागून असलेलं लांबलचक पत्र्याचं छप्पर. माझे सासरे तिथे लोकांच्या घरगाड्या सांभाळायला ठेवून घेत. घरगाडी म्हणजे चाकांवरचं घर. आत पलंग, शेगडी, मोरीएवढं न्हाणीघर, खिडक्यांना पडदे. उन्हाळाभर माणसं त्यातून हिंडायची, आणि थंडीची चाहूल लागली की गाडी आमच्याकडे सोडून जायची. मग वसंतापर्यंत त्या गाड्या आमच्या. मामंजींना लोक गमतीने गाड्यांची आया म्हणत. त्यांना ते आवडायचं, पण तसं दाखवायचे नाहीत.

गाडी निजवायची म्हणजे कामं पुष्कळ. नळ्यांमधलं पाणी काढायचं, चाकांखाली ओंडके द्यायचे, उंदरांसाठी भोकं बुजवायची. मामंजींचा जीव मात्र बॅटरीत. "गाडी झोपते गं," ते मला सांगायचे, "बॅटरी नाही झोपत. नुसती बसली तरी आतल्या आत झिजते." भरलेली बॅटरी कसल्याही थंडीत टिकते, उतरलेली गोठून तडकते, हे मी लग्नानंतर पहिल्याच हिवाळ्यात शिकले. दर सोमवारी त्यांची फेरी असायची. झाकणं उघडून पाणी बघायचं, काचेच्या नळीत ॲसिड ओढून आतला तरंगता काटा वाचायचा, उतरलेल्या बॅटरीला चार्जर लावायचा. टोकांवर हिरवट बुरशी धरली असेल तर खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसून वर व्हॅसलीनचं बोट. शेडमध्ये ते हळू बोलत आणि मांजरासारखे बिनआवाज चालत.

त्यांची आणखी एक पद्धत होती. गाडी आत आली की सगळ्यात आधी ते घंटेचा फ्यूज काढायचे. घरगाडीत गॅसची शेगडी, गॅसचा हीटर. म्हणून दाराजवळ खाली एक छोटी पेटी बसवलेली असते. आतली हवा विषारी झाली की ती कर्कश वाजते. एरवी तिच्यावर एक हिरवा दिवा मिणमिणत असतो. ही घंटा थेट बॅटरीला जोडलेली. गाडीचा मुख्य खटका बंद केला तरी ती जागीच, आणि रात्रंदिवस थेंबथेंब वीज पीत राहते. हिवाळाभरात ती चांगली बॅटरी मारू शकते. म्हणून बाहेरच्या बाजूने बॅटरीच्या कप्प्यात हात घालायचा, तारेतला काचेचा फ्यूज काढून खिशात टाकायचा. "रिकाम्या गाडीत कोणाला जागं करायचंय?" असं म्हणायचे.

सातवी गाडी कप्तानाची. ते निवृत्त दर्यावर्दी होते आणि थंडीत कुठल्याशा उबदार किनाऱ्यावर जाऊन राहत. तिथून फोन करून पहिला प्रश्न विचारायचे, "माझी बाई कशी आहे?" मामंजी म्हणायचे, "झोपलीय. घोरत नाही एवढंच." शेडमधली ती सगळ्यात मोठी गाडी, भिंती जाड, हीटर सगळ्यात चांगला. पुढच्या सगळ्याला हेच कारण झालं.

पानं गळून गेल्यावर एका दुपारी वन्सं फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. वन्सं म्हणजे माझी नणंद, मामंजींची धाकटी. वडिलांच्या मनाविरुद्ध त्यांनी लग्न केलं होतं, आणि तेव्हा मामंजींनी सांगितलं होतं, "जातेस तर जा. रडत परत येऊ नकोस." त्या रडत नव्हत्या. हातात एक बॅग, अंगात पातळ कोट आणि मनगटावर काळेनिळे वळ.

मामंजी चार्जरची वायर गुंडाळत होते. त्यांनी मान वर केली नाही. मला म्हणाले, "सूनबाई, तिला सांग, इथे गाड्या ठेवून घेतात. माणसं नाही."

"बाबा, मी इथेच उभी आहे," वन्सं म्हणाल्या. "मला ऐकू येतं."

"सांग तिला."

मी काय सांगणार? वन्संनी बॅग उचलली आणि त्या चालू लागल्या. मामंजी वायर गुंडाळतच राहिले. गुंडाळी पूर्ण झाली, तरी त्यांचे हात फिरत होते.

त्या संध्याकाळी माझे यजमान स्वयंपाकघरात आले आणि दार लोटून घेत म्हणाले, "ओरडू नकोस. चिमीला सातव्या गाडीत ठेवलीय."

"अहो! वन्संना? कप्तानांच्या गाडीत?"

"मग काय माझ्या खिशात ठेवू? बस गेली होती. थांब्यावर एकटी बसली होती. घरी गेली तर तो माणूस तिला कोंडून घालतो, वहिनीला सांगू नकोस म्हणाली, पण तुला सांगितल्याशिवाय तिला जेवण कोण देणार?"

"आणि मामंजींना कळलं तर?"

"कळलं तर तिला बाहेर काढतील. त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. तेव्हा कळू द्यायचं नाही. हिवाळा सरू दे. तोवर तिच्यासाठी काम आणि खोली बघतो."

त्यांनी सातव्या गाडीचा खटका चालू केला होता आणि घंटेचा फ्यूजही परत बसवला होता. सोमवारी फेरीच्या आधी गुपचूप खटका बंद करायचा, फेरी झाली की चालू करायचा, असा बेत ठरला. म्हटलं तर हे एवढंसं काम, पण दर रविवारी रात्री मी ह्यांना दोनदा त्याची आठवण करायची.

मी रोज डबा घेऊन जायची. गोणपाटं वाळत घालायच्या निमित्ताने टोपलीत डबा लपवायचा. शेडमध्ये शिरलं की पांढऱ्या गाड्यांच्या दोन रांगा, सगळ्यांचे पडदे ओढलेले, आणि वर थंडीने आखडणाऱ्या पत्र्याचे कटकट आवाज. इतकी वर्षं तिथे वावरले होते, पण त्या हिवाळ्यात मला पहिल्यांदा त्या गाड्यांची भीती वाटली. एका गाडीत माणूस आहे हे कळल्यावर बाकीच्या गाड्या जास्तच रिकाम्या वाटायला लागल्या.

वन्सं आत ब्लँकेट लपेटून बसलेल्या असायच्या. "या महाराणीच्या दरबारात," म्हणायच्या. "बसा. सिंहासन एकच आहे, अर्धं देते."

"थंडी वाजते का?"

"हीटर थोडा थोडा लावते. त्याचा पंखा बॅटरीवर चालतो ना, फार वीज खातो. लावला की मला वाटतं, मी बाबांच्या खिशातून पैसे चोरतेय." त्या हसल्या. मग दाराजवळच्या हिरव्या दिव्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "माझं सगळं लक्ष ह्याच्याकडे. हा विझला की समजायचं बॅटरी मरायला टेकली. मग मी हीटरला हात लावणार नाही, वहिनी. वेळ पडली तर शेगडीवर हात शेकेन. बॅटरी गोठून तडकली तर दादाचं बिंग फुटेल."

"बॅटरी गेली खड्ड्यात. तुम्ही गारठून मराल."

"आमच्या घरात हे असं बोलायचं नसतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही अजून परक्याच राहिलात."

मला तेव्हा हसू आलं होतं.

पहिल्या एक-दोन फेऱ्या सुखरूप गेल्या. मग एका सोमवारी जेवताना मामंजी म्हणाले, "सातव्या गाडीची बॅटरी कोणीतरी खातंय."

ह्यांचा घास हातातच राहिला. "जुनी झाली असेल."

"गेल्या वर्षी मीच नवी घेऊन दिली. जुनी कशी होईल?" मामंजींनी पाव मोडला. "खटका बंद. तरी काटा खाली. असं कधी झालं नाही."

"उंदरांनी वायर कुरतडली असेल," मी म्हटलं. "पिंजरा लावू का?"

"नको." ते माझ्याकडे बघत होते. "उंदीर असेल तर निघेल बाहेर. बॅटरी संपली की सगळेच बाहेर निघतात."

मी ताटं उचलली. मामंजींना संशय आलाय हे उघड होतं. आता ते काय करतील एवढंच बाकी होतं. बर्फ पडायला सुरुवात झाली होती. रस्त्यावर एक रात्र काढणंसुद्धा शक्य नव्हतं.

आणि मग एक विचित्र गोष्ट सुरू झाली. बॅटरी उतरायची थांबली. हे संध्याकाळी लपून चार्जर लावायला जायचे, तर काटा आधीच वर.

"तू लावतेस का चार्जर?" त्यांनी मला विचारलं.

"मी? मला त्या ठिणग्या बघूनच धडकी भरते."

"चिमी?"

"त्या बाहेर पाऊल टाकत नाहीत."

मग दोन दिवसांनी सातव्या गाडीभोवती बुटांचे ओले ठसे दिसले. गाडीला वळसा घालून ते खिडकीखाली थांबले होते आणि तिथून परत फिरले होते. ह्यांचे बूट नव्हते. वन्संना विचारलं तर त्या पांढऱ्या पडल्या. "रोज कोणीतरी येतं," त्या म्हणाल्या. "आधी लांबून खोकला ऐकू येतो. मी दिवा मालवून जमिनीवर पडून राहते. माणूस बराच वेळ उभा असतो. मग जातो. तो असेल का?"

तो म्हणजे त्यांचा नवरा. आमच्याही मनात तेच आलं. आठवडाही उलटला नाही तोच तो खरोखरच फाटकाशी आला. गाडीतून उतरला नाही, काच खाली करून मामंजींना म्हणाला, "तिला पाठवा. शेवटचं सांगतोय."

मी खिडकीच्या आतून ऐकत होते. मामंजी बर्फात उभे होते, हातात फावडं.

"माझ्याकडे कोण आहे?" ते म्हणाले.

"तुमची पोरगी."

"मी माझ्या शब्दाला जागतो. तिला उंबऱ्याच्या आत घेणार नाही म्हणालो होतो. नाही घेतली. विचार कुणालाही."

"खोटं निघालं तर बघून घेईन."

"बघ की. काच वर कर, बर्फ आत येतोय."

तो गेला. मामंजी घरात आले आणि खोकायला लागले. हल्ली फारच खोकत होते, शेडमध्ये जाताना तर जास्तच. दारापासून खोकत जायचे, पाय आपटत, डबे वाजवत. हे मला म्हणाले, "बाबांची छाती बिघडलीय. डॉक्टरांना दाखवायला हवं." आम्ही दोघं किती शहाणे होतो बघा. इतकी वर्षं मांजराच्या पावलांनी फिरणारा माणूस अचानक ढोल बडवत जातो, आणि आम्ही त्याला खोकल्याचं औषध आणायला निघालो होतो.

मग वादळ आलं. एका सकाळी बर्फाने फाटक गाडलं गेलं आणि वीज गेली. वीज गेली म्हणजे चार्जर मेला. सातव्या गाडीची बॅटरी आता जेवढी भरलेली तेवढीच. हीटरचा पंखा चालला तर एक-दोन दिवस, फार तर.

"मी शहरातून जनरेटर घेऊन येतो," हे म्हणाले. बर्फ काढणाऱ्या गाडीच्या मागोमाग ते निघाले आणि अर्ध्या वाटेवरच अडकले हे आम्हाला नंतर कळलं.

त्या दिवशी अंधार पडायच्या आत मी डबा देऊन आले. हीटर गुणगुणत होता, हिरवा दिवा जळत होता, वन्सं टोपी घालून पत्ते मांडत बसल्या होत्या. "उद्या दादा जनरेटर आणतोय," मी म्हटलं. "हीटर लावा मोकळ्या मनाने."

"बघू," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी घराचं दारच उघडेना, इतका बर्फ साचला होता. मी आतून ढकलत, खरवडत बसले. मामंजी मागच्या खिडकीतून उतरले आणि बाहेरून फावड्याने दार मोकळं केलं. दुपार झाली. मी चहा ठेवला. ते टेबलाशी बसले, खिशातली ती काचेची नळी काढून रुमालाने पुसायला लागले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुरेल."

"काय पुरेल?"

"वीज. दोन दिवस, कदाचित तीन. पंखा चालला तरी."

मी चहाची गाळणी खाली ठेवली.

"कुठल्या गाडीचा पंखा, मामंजी?"

"आता नाटक पुरे, सूनबाई. हीटरची धुराची नळी बाहेरून गरम लागते. पहिल्याच सोमवारी हात लागला माझा." ते अजून नळीच पुसत होते. "म्हटलं, तुम्ही लपवताय तर लपवा. माझा शब्दही राहतो, तीही राहते. मी रोज चार्जर लावून येत होतो. तिने दचकू नये म्हणून खोकत जायचो. आता वीज नाही, तर काल तुझ्यामागून जाऊन जे जे फुकट खातं ते बंद केलं. घंटेचा फ्यूज काढला. ती घंटाच सगळ्यात खादाड. आता सगळी वीज तिच्या पंख्याला."

त्यांच्या चेहऱ्यावर मी क्वचितच बघितलेलं समाधान होतं. चांगलं काम झाल्यावरचं. इतकी वर्षं ज्या बोटांनी प्रत्येक गाडीचा फ्यूज काढला, त्याच बोटांनी त्यांनी तोही काढला होता.

"मग हिरवा दिवा?" मी विचारलं.

"विझणारच ना."

"मामंजी, त्यांनी मला सांगितलं होतं. दिवा विझला की बॅटरी मेली असं समजून त्या हीटर बंद करणार. शेगडी पेटवणार."

नळी त्यांच्या हातातून पडली. फुटल्याचा आवाज मी ऐकला तेव्हा ते दाराबाहेर होते.

बर्फ मांड्यांपर्यंत होता. मला वाटतं मी चपलांवरच धावले. शेडचं दार त्यांनी खांद्याने उघडलं. आत नेहमीसारखंच शांत, पांढऱ्या गाड्या रांगेत, आणि फक्त सातव्या गाडीच्या काचांवर आतून दाट धुकं. मामंजींनी पत्र्यावर दोन्ही हातांनी थापा मारल्या. "चिमे! चिमे, दार उघड!" इतक्या वर्षांत त्यांनी तिला हाक मारली नव्हती.

आतून कडी होती. गाडीवर ओरखडा पडला तर जो माणूस कुणालाही शिव्या घालायचा, त्याने दाराशी पडलेल्या लोखंडी पान्याने कप्तानाच्या गाडीची मोठी खिडकी एका फटक्यात फोडली. आतून ऊब आली. गुदमरवणारी ऊब, आणि बाकी कसलाच वास नाही. ते काचांवरूनच आत गेले.

वन्सं पलंगाजवळ जमिनीवर होत्या, एक हात दाराकडे. गाल लाल, जणू उन्हात खेळून आल्यात. शेगडीची निळी ज्योत अगदी बारीक जळत होती. खिडकीच्या फटींमध्ये त्यांनी गार वारा येऊ नये म्हणून माझेच जुने कपडे कोंबले होते. आम्ही दोघांनी त्यांना ओढत शेडबाहेर बर्फात आणलं. मामंजींनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्यांच्या तोंडात स्वतःचा श्वास भरत राहिले. मला ओरडून सांगितलं, "फोन कर!" फोन चालू होता, हे नशीब. रुग्णवाहिका बर्फ काढणाऱ्या गाडीच्या मागून आली. ती यायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही.

दवाखान्याच्या बाकावर मामंजी ओल्या कपड्यांत बसले होते. काचेने कापलेल्या हातांना बांधलेल्या पट्ट्यांतून रक्त झिरपत होतं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, श्वास आहे, पण मेंदूला बराच वेळ हवा मिळालेली नाही. काय परत येईल आणि काय नाही, हे आज सांगता येणार नाही.

"मी घंटा बंद केली," मामंजी त्यांना म्हणाले.

"कसली घंटा, आजोबा?"

"मी बंद केली."

त्यांनी पुन्हा पुन्हा तेच सांगितलं. बाईंना समजलं नाही. मला समजावून सांगायचं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी हे परत आले, तेव्हा सगळं ऐकून शेडमध्ये गेले. संध्याकाळी म्हणाले, "बॅटरी बघितली." त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. बॅटरी जवळजवळ भरलेली होती. वन्संनी पंखा बंद ठेवला होता, वडिलांनी घंटा बंद ठेवली होती. दोघांनी वाचवलेली वीज जशीच्या तशी आत होती.

वसंतात कप्तान आले. खिडकीला नवी काच बसवलेली होती, पैसे मामंजींनी भरले होते, आणि काय घडलं ते आम्ही फोनवरच सांगितलं होतं. ते गाडीत बसले, किल्ली फिरवली, आणि सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "वा! पहिल्या किल्लीला बोलली माझी बाई!" मग त्यांच्या लक्षात आलं. मामंजी चाकाखालचा ओंडका काढायला वाकले होते, ते तसेच खाली बसले. बराच वेळ उठले नाहीत.

कप्तानांनी त्या वर्षीच गाडी विकली. नंतर एक-दोनदा त्यांचा फोन आला, वन्संची चौकशी करायला. पुढे फोन यायचा थांबला. वय झालं होतं.

वन्संचा नवरा दवाखान्यात एकदा येऊन गेला. पलंगावरची बाई अजून कुणालाच ओळखत नाही हे बघितलं, आणि पुन्हा कधी फिरकला नाही. त्याने दुसरं लग्न केलं असं ऐकलं. त्या दुसरीचं काय झालं ते आम्हाला माहीत नाही.

मामंजींनी त्यानंतर एकाही गाडीच्या घंटेचा फ्यूज काढला नाही. रिकाम्या गाड्यांमध्ये हिवाळाभर हिरवे दिवे जळत राहायचे, संध्याकाळी शेडचं दार उघडलं की दोन्ही बाजूंनी ते डोळे दिसायचे. बॅटऱ्या उतरायच्या, काही तडकायच्या. हे समजावून सांगायचे, "बाबा, आत कोणी नाहीये." मामंजी म्हणायचे, "तुला काय माहीत?" लोक कुरकुरले, मग एकेक करून गाड्या दुसरीकडे न्यायला लागले. शेवटी शेडमध्ये चार गाड्या उरल्या होत्या. ते वारले त्या वर्षी ह्यांनी जागा विकली आणि एका कारखान्यात गोदाम सांभाळायची नोकरी धरली. हे जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली.

वन्सं दवाखान्यातून थेट घरी आल्या, मामंजींच्याच खोलीत. मामंजींनी स्वतःचा पलंग तिला दिला आणि आपण दाराशी गादी घातली. जुनं सगळं तिला आठवतं. नवं काही डोक्यात ठरत नाही. त्या हिवाळ्याचं तर काहीच नाही. हातांना कंप राहिला. मामंजी तिला चमच्याने चहा पाजायचे, शेवटपर्यंत, आणि ती म्हणायची, "बाबा, सांडताय."

ती आता माझ्याजवळ असते. "वन्सं, तुम्ही" वगैरे मी कधी सोडलं आठवत नाही. आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो, आता नुसतं "चिमे" म्हणते. खोलीची खिडकी ती बंद करू देत नाही. का, ते तिला सांगता येत नाही, पण कडी लावली की ओरडते. म्हणून थंडीत मी अंगावर दोन शाली घेऊन तिच्याशेजारी बसते.